बिनस्क्रूची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. दचकू नका मित्रांनो, शाळेत हातावर बसते ती मी नव्हे. मी ट्यूबलाइटची पट्टी. छताखाली ट्यूबला पोटाशी धरून जी पत्र्याची लांबट पेटी लटकत असते, तीच मी. सगळे ट्यूबकडे पाहतात, माझ्याकडे कुणी पाहत नाही. ट्यूब जाते, नवी येते, पुन्हा जाते. मी तिथेच असते, आणि तरी लोक म्हणतात, "ट्यूब छान लागली." असो. माझ्या अंगात एकही स्क्रू नाही, हे मात्र मी पहिल्या भेटीतच सांगून टाकते. मला त्याचा तोरा आहे. तो का आहे, हे ऐकलंत तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

माझा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचा, सन दोन हजार तीनचा. बसस्टँडच्या मागे खुशालबाबांचं टिनाचं शेड होतं. खुशालबाबा धान साठवायच्या कोठ्या करत. पत्रा कापायचा, गोल वळवायचा, दोन कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि त्यावर हातोडी मारत जायचं. याला ते शिवण म्हणत. बाकीचे लोक एकदा दुमडत, खुशालबाबा दोनदा दुमडत. कोठी तयार झाली की भर उन्हात ती आडवी करायची, आत डोकं घालायचं, तोंडाभोवती पोतं ओढून घ्यायचं आणि आतल्या अंधारात उजेडाचं टिंब कुठे दिसतं का ते पाहायचं. टिंब दिसलं की ती कोठी पुन्हा हातोडीखाली. जिथून उजेड शिरतो तिथून किडा शिरतो, असं ते म्हणत. त्यांच्या कोठीतल्या धानाला कधी पाखरू लागलं नाही, आणि उंदीर तर तिच्याभोवती फिरून उपाशीच परत जात.

पण दिवस बदलले. लोक खळ्यावरूनच धान विकू लागले. घरी ठेवायला प्लास्टिकचे ड्रम आले. शेडमध्ये तयार कोठ्या धूळ खात पडल्या, आणि त्यातच खुशालबाबांची नजर अंधूक होऊ लागली. त्यांची मुलगी अल्का गोंदियाच्या आयटीआयमधून वायरमनचं शिकून आली होती. तिचं म्हणणं, पत्रा आपल्याकडे आहे, तो वाकवायचं यंत्र आहे, हात आहेत, मग कोठ्यांऐवजी दिवे का करू नयेत? खुशालबाबांनी बरेच दिवस ते मनात घोळवलं. मग एकदा जेवताना म्हणाले, "दिवाळीपावतर पाहू. जमलं तं बेस. नाई तं शेड देऊन टाकू. तू नागपूरले मामाकडं जाय, कंपनीत लाग. मले आता दिसत नाई वं, मी कोणाच्या भरवशावर हे सांभाळू?"

अल्काची आई, सुमनबाई, ताटातच पाहत राहिली. अल्काला नागपूरचा राग नव्हता. पण तिला आपल्या गावात, आपल्या हातानं, आपली वस्तू करायची होती, आणि अधू होत चाललेल्या बापाला सोडून जायचं नव्हतं. तेव्हा मित्रांनो, हे पक्कं ध्यानात ठेवा. दिवाळीच्या आत तिचे दिवे कुणीतरी घेतले तर शेड राहणार आणि अल्का राहणार. नाही घेतले तर दोन्ही जाणार.

गिऱ्हाईक मिळालं ते टेकचंदभाऊंचं. स्टेशनच्या पलीकडे त्यांची राइस मिल. शेजारीच ते नवं शेड बांधत होते आणि त्यात सगळीकडे दिवे हवे होते. त्यांची तक्रार मोठी होती. "बाजारातल्या पट्टीत कोंडा शिरते. पंधरा दिवसांत काळी. वरून स्क्रू ढिले होऊन धानात पडतेत. एक स्क्रू मशीनमध्ये गेला की रबराचा रोल फाटला समज. अन् गोंदियाचा वायरमन सीजनमध्ये बोलवाल तं येत नाई. मले अशी पट्टी दे बेटा, जिच्यात कोंडा जाणार नाई, जिच्यातून काही पडणार नाई, अन् माझे मिलचे लोकच लावतील. एक बनव. पसंत आली तं सगळ्या तुझ्याच."

ती एक म्हणजे मी.

अल्कानं शेडच्या जमिनीवर खडूनं माझं चित्र काढलं. चोक, म्हणजे ट्यूब पेटवणारा तो जड, गुणगुणणारा ठोकळा, माझ्या पोटात बसणार होता. चोक तापतो. म्हणून अल्कानं वरच्या अंगाला एक फट ठेवली होती. खुशालबाबा खाली वाकून, डोळे बारीक करून पाहत होते. त्यांचं बोट नेमकं त्या फटीवर आलं.

"हे काय होय?"

"हवा जाले, बाबा."

"अन् कोंडा याले? फट ठेवली तं ती काय वस्तू झाली? उंदराची धर्मशाळा झाली."

अल्का काही बोलणार होती. पण वडिलांच्या हातात किती महिन्यांनी हातोडी आली होती. तिनं पायाच्या अंगठ्यानं खडूची ती रेघ पुसून टाकली.

मग खुशालबाबांनी मला घडवलं. काय घडवलं म्हणून सांगू! दुहेरी शिवण, कडेकडेनं रिबिटा, कोपऱ्यांच्या फटींत भरलेली लांबी. शेवटी मला उन्हात धरून, वायरच्या भोकाला डोळा लावून त्यांनी आत पाहिलं. उजेडाचं टिंबही नव्हतं. जन्मभर उजेड आत येऊ नये म्हणून झटलेल्या माणसानं उजेडाचं घर बांधलं होतं, आणि ते त्यानं कोठीसारखंच बांधलं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. माझ्याइतकी घट्ट पट्टी साऱ्या तालुक्यात नसेल, या गुर्मीत मी मिलमध्ये गेले.

श्रावण होता. बाया शेतात धानाची रोपं लावायला, रोवणीला गेल्या होत्या, पण मिल चालू होती. उन्हाळी धानाची भरडाई राहिली होती. मला पोत्यांच्या थप्प्यांच्या वर, लोखंडी आड्याला टांगलं. मी लागले. टेकचंदभाऊंनी मान वर केली आणि म्हणाले, "चांगली दिसून राहिली." पहिली शाबासकी आणि तीही मला, ट्यूबला नव्हे. पहिले काही दिवस कोंड्याचा कणही माझ्या पोटात गेला नाही.

उष्णताही बाहेर गेली नाही.

मित्रांनो, दोष माझा नव्हता. मला जसं घडवलं तशी मी होते. पण जे झालं ते माझ्या अंगावर झालं. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, मिलमध्ये दिवसाही अंधार. मी सकाळपासून पेटलेली. चोक आधी कोमट झाला, मग गरम, मग त्याची गुणगुण बदलली, घोगरी झाली. त्याच्या पोटातलं डांबर पातळ होऊ लागलं. मला आतून भाजत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. दुहेरी शिवण ना! माझ्या पाठीवर कोंड्याचा थर साचला होता. तो आधी तपकिरी झाला, मग त्याला वास येऊ लागला. खाली बारदान्याच्या गंजी होत्या. आणि त्यांच्या मधोमध गीताबाई खराटा घेऊन झाडत होती. मिलमधली ही जुनी कामकरीण. तिनं नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र नाही. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. ट्यूबच्या होल्डरपाशी माझ्या अंगावर एकच बारीक भोक होतं, वायर जायला ठेवलेलं. त्या भोकातून डांबराचा उकळता थेंब बाहेर आला, कडेला लोंबला, आणि गीताबाईच्या मनगटावर पडला.

तिनं खराटा टाकला. हात झटकत ती धावली, पण दाराकडे नाही. ती बोर्डाकडे धावली आणि मेन खटका खाली ओढला. सगळी मशीनं बंद पडली. माझ्या पाठीवरून धुराची एक रेघ वर जात होती. सगळे माना वर करून माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात प्रथमच एवढी माणसं एकदम माझ्याकडे पाहत होती, आणि मला आड्यातून खाली पडून चेपून जावंसं वाटत होतं.

अल्का पळत आली. तिनं आधी मला नाही पाहिलं, गीताबाईचा हात पाहिला. फोड आला होता. तिनंच तिला दवाखान्यात नेलं. परतल्यावर टेकचंदभाऊ दारातच उभे होते.

"हे बघ बेटा, मले उजेड पाहिजे, आग नाई. भुशाचं घर हाय हे. एक चिनगारी अन् सगळं खलास. घेऊन जाय तुझी पट्टी."

घरी मला लोखंडी ठोकळ्यावर ठेवलं. खुशालबाबा मला उघडू लागले. छिन्नी लावली, हातोडी मारली, पण मी उघडेना. ज्या शिवणीची त्यांना ऐट होती तिनंच त्यांना घाम फोडला. शेवटी माझी एक बाजू फाडावी लागली. आतला चोक काळा पडून फुगला होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि हात मागे घेतला.

"मले माहीत होतं, बाबा," अल्का म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

खुशालबाबांनी हातोडी खाली ठेवली. "त्या बाईचा हात जळला, अन् तुले माझ्या वाटण्याची पडली. बाप काय कोठी होय का वं, त्याच्यापासून गोष्टी बंद करून ठेवाले?"

अल्का रडली. सुमनबाईनं कंदिलाची काच पुसायचं काम उगाचच लांबवलं. मी फाटक्या अंगानं ठोकळ्यावर पडून होते आणि मला वाटत होतं, आता या शेडचं दार एकदाच उघडणार, माल काढून नेण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी अल्का पुन्हा मिलवर गेली. आणखी एक संधी द्या म्हणाली. टेकचंदभाऊ माणूस वाईट नव्हता, पण दुधानं तोंड पोळलेला होता. त्यांनी बराच विचार केला आणि मग अट घातली. "दसऱ्याच्या आत आण. पण लावायची गीताबाईनं. तू हात नाई लावायचा, तुझ्या बापानंबी नाई. जिचा हात पोळला ती तुझ्या पट्टीले हात लावत असंल तं मी समजतो पट्टी ठीक हाय. नाई तं राम राम."

आता सांगा, हे जमायचं कसं? गीताबाई तर मिलमध्ये नव्या जोडलेल्या साध्या बल्बखालूनही चालेना झाली होती.

पण बापलेकीला आता एकमेकांशी बोलायला धीर आला होता, आणि मित्रांनो, माझा खरा जन्म त्या बोलण्यातून झाला. अल्का म्हणे हवा पाहिजे, खुशालबाबा म्हणत कोंडा नको. अल्का खडूनं काढी, खुशालबाबा पत्र्याच्या तुकड्यावर मोडून पाहत. कोंडा वरून पडतो, खालून उडत नाही, हे एकदा लक्षात आलं आणि माझ्या पाठीवर दोन्हीकडे उतरतं छप्पर आलं, गोठ्याला असतं तसं. कोंडा त्यावरून घसरून जाणार आणि वळचणीखालून हवा खेळत राहणार. हे झालं. पण चोक बसवायचा कशानं? स्क्रू चालणार नव्हता. रिबीट मारली तर चोक बदलायला पुन्हा मला फाडावं लागणार. इथे दोघं अडली. रोवणी संपली, पोळा गेला, तरी अडलेलीच होती. मोडून मोडून टाकलेल्या पत्र्यांचा शेडमध्ये ढीग झाला, आणि सुमनबाई नागपूरच्या भावाला काय निरोप द्यायचा ते मनात जुळवू लागली.

मग एकदा सुमनबाई घरच्या कोठीतून धान काढत होती. तुम्ही कोठी पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल, तिच्या पायथ्याशी एक लहान तोंड असतं आणि त्यावर सरकती झडप. झडप वर ओढली की धान बाहेर, खाली सोडली की बंद. ना कडी ना खिळा. झडप सरकल्याचा तो खर्रकन आवाज आला आणि खुशालबाबांनी मान वळवली.

"अल्का," ते म्हणाले, "चोक झडपीवर बसव."

बस्स. चोक आणि स्टार्टर पत्र्याच्या एका झडपेवर रिबिटांनी पक्के बसले आणि ती झडप माझ्या पोटात कोठीच्या झडपेसारखी सरकू लागली; चोक गेला की झडपच बदलायची. आत ढकलली की टोकाच्या पिना आपोआप आपल्या जागी जाऊन बसत. अल्कानं त्यात आणखी एक डोकं लढवलं. झडपेची एक कड तिनं रुंद ठेवली, एक अरुंद, आणि माझ्या पोटातल्या खाचाही तशाच. घाईत, अंधारात, कुणी उलटी घालू लागलं तरी ती जाणारच नाही. मग मी म्हणजे काय उरले? पाठ, छप्पर आणि झडप. तीन वस्तू एकमेकींत अडकवायच्या, वर दोन आकडे टांगायचे. घडवायला सोपी, जोडायला सोपी, उघडायला त्याहून सोपी.

आणि एक सांगते. पाठीला नवा पत्रा घेता आला असता. पण खुशालबाबा म्हणाले, "पहिलीचीच पाठ घे. चुकलं ते डोळ्यासमोर राहू दे." म्हणून माझी एक कड अजूनही कोठीसारखी दुहेरी दुमडलेली आहे. तिचा आता काही उपयोग नाही. ती मी अंगावर तशीच वागवते.

दसरा तोंडावर आला. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली होती. अल्का आणि खुशालबाबा मला तीन तुकड्यांत पोत्यात घालून मिलमध्ये घेऊन आले. टेकचंदभाऊंनी गीताबाईला बोलावलं. ती आली ती मनगट पदराखाली झाकूनच.

"मी नाई हात लावत," ती म्हणाली. "हात माझा जळला. तुमचा कोणाचा नाई जळला."

टेकचंदभाऊंनी अल्काकडे असं पाहिलं की, झालं तर मग. खुशालबाबा पुढे होऊन काही सांगणार होते, तर अल्कानं त्यांची बाही धरली.

"नोका लावू, गीताकाकू. तुमचं खरं हाय," ती म्हणाली, आणि माझे तिन्ही तुकडे तिनं एका पोत्यावर मांडून ठेवले. "फक्त पाहून घ्या. चूक असंल तं सांगा."

गीताबाई दुरूनच पाहत राहिली. मिलचे हमाल हात थांबवून उभे. माझं मलाच कळत होतं की या बाईनं पाठ फिरवली की नागपूरची गाडी सुटली. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक.

"स्क्रू कुठं हायत?"

"नाई."

"अन् हे उलटं गेलं तं?"

"घालून पाहा."

मित्रांनो, गीताबाईनं झडप उचलली आणि ती मुद्दाम उलटी करून माझ्या पोटात घातली. ती अडली. तिनं जोर लावला. मग मला पोत्यावरून उचललं, मांडीवर घेतलं, ओठ चावून दोन्ही हातांनी रेटलं. तिला माझी चूक काढायचीच होती. तिच्या मनगटावरचा तो लालसर डाग माझ्या कडेला घासत होता. माझ्या खाचा करकरल्या. मी म्हटलं, बाई, ढकल, पाहिजे तेवढं ढकल, पण मी घेणार नाही. आणि मी घेतली नाही.

मग तिनं दम घेतला, झडप फिरवली, आणि एका बोटानं आत लोटली. खर्रकन गेली आणि टक् करून बसली. गीताबाईच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "आकडे कुठी अडकवाचे?"

शिडीवर तीच चढली. खटका मात्र टेकचंदभाऊंनी दाबला, आणि म्हणाले, आता मिल बंद होईपर्यंत जळू दे. त्यांचं बरोबर होतं. मागच्या वेळीही मी सुरुवातीला छानच लागले होते.

तो दिवस सरता सरेना. चोक गुणगुणत होता आणि मी त्याच्या प्रत्येक सुराला कान लावून होते. दुपारी लाइट गेली. त्या काळी भारनियमन रोजचंच होतं. अल्का दारात जाऊन उभी राहिली. लाइट आली ती जोरात आली, व्होल्टेज एकदम वाढलं, ट्यूब दोनदा लपलपली आणि चोकची गुणगुण घोगरी झाली. मला कातडी असती तर माझ्या अंगावर काटा आला असता. खुशालबाबांनी तो आवाज ऐकला. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू सगळं येत होतं. त्यांनी पोत्याची कड मुठीत आवळली. पण या वेळी चोकची धग माझ्या पोटात कोंडली नाही. छपराच्या वळचणीखालून ती हळूहळू निघून गेली, खालून गार वारा येत राहिला, आणि थोड्या वेळानं गुणगुण पुन्हा पहिल्यासारखी झाली.

मिल बंद व्हायच्या वेळी कुणी काही म्हणायच्या आत गीताबाईनं शिडी लावली. वर आली, खाली टेकचंदभाऊ "अरे, थांब" म्हणत होते तरी आली. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा तिनं पालथा हात माझ्या पाठीला लावला. तो पोळलेलाच हात. आणि तिथेच ठेवला.

"कोमट हाय," ती खाली पाहून म्हणाली. "लगित काई तापली नाई."

टेकचंदभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बनव बेटा," ते म्हणाले. "सगळ्या शेडच्या बनव."

घरी जाऊन खुशालबाबांनी शेडच्या दाराला तेल दिलं. ते बरेच दिवस करकरत होतं.

पुढची वर्षं मी कामात काढली. माझ्यासारख्या पट्ट्या शेडमध्ये भराभर होऊ लागल्या. बिडीचं काम सुटलेल्या बाया सुमनबाईभोवती बसून जोडणी करत. बिडी वळलेली बोटं ती, झडपा अशा सरकवत की पाहत राहावं. शाळेत पट्ट्या गेल्या, बुद्धविहारात गेल्या, हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर गेल्या. चोक गेला तर गीताबाईच अख्खी झडप बदले आणि नवीन पोरांना दटावून सांगे, "आधी खटका बंद करा, मंग हात लावा." ती असेपर्यंत माझी पाठ दर अमावास्येला पुसली गेली.

मग तिची नोकरी संपली आणि माझे दिवस फिरले. मिलमध्ये नवी मोठी मशीनं आली, त्यांच्यासाठी नवी इमारत आली, तिथे एलईडी आले. आमचं जुनं शेड गोदाम झालं. ट्यूब मेली ती कुणी बदलली नाही. छपरावर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं. मी कितीतरी वर्षं अंधारात लटकत होते. मित्रांनो, विझलेल्या दिव्याइतकं कोणी पोरकं नसतं. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांना उतरवून भंगारात दिलं.

भंगारवाला बकाराम हातगाडी घेऊन आला होता. पोत्यात जास्त मावावं म्हणून तो प्रत्येक वस्तू हातोडीनं चेपत असे. माझ्या शेजारची पंख्याची पाती चेपली, एक डबा चेपला. मग त्यानं मला दगडावर ठेवलं. आतलं तांबं आधी काढून घ्यावं म्हणून तो स्क्रू शोधू लागला. सापडेना. उलटसुलट केलं, शिवी दिली, हातोडी उचलली. त्याचा अंगठा झडपेवर पडला आणि इतक्या वर्षांनंतरही ती खर्रकन सरकून त्याच्या हातात आली. बकाराम थबकला. त्यानं ती परत घातली, परत काढली. लहान पोरासारखा तो हसला. मग म्हणाला, "हे तं खुशालबाबाचं काम दिसते," आणि मला चेपायचं सोडून गाडीवर सगळ्यात वर ठेवलं.

शेडच्या दाराशी खुशालबाबा बाजेवर बसले होते. आता त्यांना अजिबात दिसत नव्हतं. बकारामनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं छपरावरून गेली, खाचेवरून गेली, आणि मागच्या कडेशी थांबली. तिथे ती निरुपयोगी दुहेरी शिवण होती.

"अल्का," त्यांनी हाक मारली. "पहिली आली वं. पहिली घरी आली."

अल्का आतून आली. तिच्या हाताला पांढरा रंग लागलेला होता. शेडमध्ये आता एलईडीच्या पट्ट्या होत होत्या. तिनं मला पाहिलं आणि बाजेच्या कडेवर बसली. मला धाकधूक होती. चोक गेला, ट्यूब गेली, आता मी कुणाच्या कामाची? तर अल्का आत गेली आणि एक झडप घेऊन आली. तिच्यावर चोक नव्हता, एलईडीच्या चकत्यांची ओळ होती. एक कड रुंद, एक अरुंद. मोजमाप तिनं कधी बदललंच नव्हतं.

"आण इकडं," खुशालबाबा म्हणाले. "मी घालतो."

त्यांनी झडप बोटांनी चाचपली, रुंद कड ओळखली, आणि एका दमात माझ्या पोटात लोटली. टक्. अल्कानं वायर जोडली, खटका दाबला. मी लागले. किती वर्षांनी लागले मी, काय सांगू तुम्हाला! बकाराम गाडीशी उभा राहून पाहत होता. सुमनबाई दारात आली. सगळ्यांच्या तोंडावर माझा उजेड होता, खुशालबाबांच्याही, पण त्यांना तो दिसत नव्हता.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली, बाबा."

त्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. त्यांनी हात पालथा केला, माझ्या पाठीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले. "बेस झालं."

आता मी शेडच्या दाराशी, हात पोहोचेल अशा उंचीवर असते. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. महिन्यातून एकदा, आधी खटका बंद करून, तिच्या पाठीवरची धूळ पुसा. तिला उष्ण वाटलं तर मोठ्यांना सांगा. ती बिघडली तर फेकण्याआधी कुठून उघडते ते पाहा. आणि तुम्ही कधी काही घडवाल, पेटी म्हणा, दिवा म्हणा, घर म्हणा, तर ते दुसऱ्याच्या हाताला सहज उघडेल असं घडवा. संध्याकाळी अल्का खटका दाबते तेव्हा बाजेवरून अजूनही तोच प्रश्न येतो, "लागली का?" आणि कुणीतरी बाबांचा हात धरून माझ्यापर्यंत नेतं.